पुढचा ठिपका

पेंटरला कुणी नावाने हाक मारत नसे. दुकानदार पेंटर म्हणायचे, शेजारी पेंटर म्हणायचे, विजेचं बिल आणून देणाराही दारातून "पेंटर आहेत का?" असंच विचारायचा. घरातली दोन माणसं तेवढी वेगळी हाक मारत. थोरला भाऊ म्हणायचा धाकट्या. वहिनी म्हणायची भावजी.

लग्न त्याने केलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचा, "लोकांच्या दारावर पाट्या रंगवण्यात हयात गेली. आपल्या दाराचं राहूनच गेलं." एवढं बोलून तो ब्रश थिनरमध्ये बुडवायचा. विषय तिथे संपायचा.

घराच्या पुढच्या खोलीत तो राहायचा. कामही तिथेच करायचा. भिंतीला टेकवलेले पत्रे, झाकणं घट्ट बसलेले डबे, डब्यांतल्या रंगावर धरलेली साय. मागच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी. थिनरचा वास सगळ्या घराचा होता. वहिनी म्हणायची, "काहीही शिजवा, चव भावजींच्या डब्याचीच."

मग फ्लेक्स आलं आणि पेंटरचा धंदा डोळ्यांदेखत बसला. हाताने अक्षर काढून घेणारं गिऱ्हाईक राहिलं नाही. उरली ती दुकानांची शटरं, आणि वस्तीच्या टोकाला असलेल्या सरकारी वनउद्यानातल्या पाट्या. तिथे फ्लेक्स टिकत नसे. उन्हाने विटायचं, वाऱ्याने फाटायचं आणि फांदीला लोंबकळत राहायचं. पेंटरचा पत्रा मात्र वर्षानुवर्षं तसाच.

उद्यानात एक निसर्गवाट होती. तिकीटखिडकीपासून निघायची, निलगिरीच्या रांगेतून ओढ्याकडे उतरायची. लाकडी साकवावरून पलीकडे जायची. मग ओढ्याच्या काठाकाठाने चढत एका मोठ्या खडकापाशी पोचायची, आणि तिथून वळसा घालून पार्किंगमध्ये परत. तिकीटखिडकीवरचा चष्मेवाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "काही नाही हो, लेकुरवाळी बाईसुद्धा हसतखेळत फिरून येते." तो स्वतः कधी साकवापलीकडे गेलेला नव्हता.

वाटेवरच्या झाडांच्या पाट्या पेंटरच्या हातच्या. पिवळे बाणही त्याचेच. बाण खांबांवर आणि दगडांवर. झाडाला रंग लावायचा नाही, खिळा मारायचा नाही, दोरासुद्धा बांधायचा नाही, हा उद्यानाच्या रेंजरबाईंचा कडक नियम. त्या आवाज न चढवता बोलत. म्हणून लोक त्यांना जास्त घाबरत.

दादा बसकंडक्टर होता. सगळी नोकरी एकाच डेपोत. घरी आल्यावरही तो पाणी मागताना म्हणायचा, "चला, पुढे सरका, पाणी येऊ द्या." वहिनी हसायची. पेंटर हसायचा. सगळं ठीक होतं तेव्हाची ही गोष्ट.

निवृत्तीनंतर दादा विसरू लागला. आधी चष्मा. मग शेजाऱ्याचं नाव. मग आज कुठला वार ते. एकदा कोपऱ्यावर दूध आणायला गेला तो संध्याकाळी डेपोत सापडला. अंगात गणवेश नव्हता, खांद्याला बॅग नव्हती, पण एका उभ्या बसमध्ये तो माणसांना आत सरकवत होता. तिथल्या तरुण कंडक्टरने त्याला खाली उतरवलं नव्हतं. पेंटर न्यायला गेला तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या ना थोडा वेळ. काका गर्दी झकास लावतात."

त्या दिवसापासून दाराला आतून कडी लागली. दादा दारापाशी उभा राहायचा. बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवायचा. टक टक. दार उघडायचं नाही. पुन्हा वाजवायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत राहायची. हाताला धरून त्याला मागे ओढलं तर तो हिसडा द्यायचा. एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर असाच हिसडा बसला आणि वहिनी पडली. मनगट सुजलं. दादाने सुजलेला हात पाहिला आणि काळजीने विचारलं, "कुठे पडलीस ग?" ती म्हणाली, "बाजारात."

पेंटर त्याला कामावर बरोबर नेऊ लागला. घरात कोंडण्यापेक्षा बरं. वनउद्यानात बाण रंगवायला बसला की दादा शेजारच्या दगडावर बसायचा. तिथे तो शांत असायचा. एकदा पेंटरने ब्रशमध्ये उरलेला निळा रंग सहज समोरच्या निलगिरीला टेकवला. रुपयाएवढा ठिपका. दादा उठला. झाडापाशी गेला. ठिपक्यावर पेराने वाजवलं, टक टक, आणि वाटेने पुढे चालू लागला. थोडं जाऊन थांबला. वळून म्हणाला, "पुढचा?"

एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आयुष्यभर त्याने बसच्या छताची दोरी ओढून तेच सांगितलं होतं.

पेंटरने पुढच्या झाडाला एक ठिपका काढला. मग त्याच्या पुढच्या झाडाला.

पिवळे बाण दादाला उपयोगाचे नव्हते. बाणाचं टोक कुठलं आणि शेपूट कुठलं यातच तो अडकायचा. ठिपक्याला ना टोक, ना शेपूट. दिसला की जायचं, वाजवायचं, पुढचा शोधायचा. पेंटरने नियम मोडला तो असा. येणाऱ्यालाच दिसेल अशा बाजूला, कमरेच्या उंचीवर, लहान लहान निळे ठिपके. वाटेभर. रेंजरबाई खडकाकडून उतरत यायच्या, म्हणजे उलट्या बाजूने. त्यांना दिसले नाहीत.

आधी तो दादाच्या मागोमाग चालायचा. मग मागे, अंतर ठेवून. मग एक दिवस त्याने घरी विषय काढला.

"एकटे?" वहिनी म्हणाली. "भावजी, शुद्धीवर आहात ना?"

"तिथे रहदारी नाही, वहिनी. फाटे नाहीत. वाट फिरून पुन्हा पार्किंगलाच येते. मी तिथे बसलेलाच असेन."

"आणि नाही आले तर?"

"तर माझी मान कापा."

"तुमच्या मानेचं काय लोणचं घालू?"

दादा मध्येच म्हणाला, "भांडू नका. सगळ्यांना जागा मिळेल."

वहिनीने दादाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या भरवशावर सोडते, भावजी. माझा भरवसा यात धरू नका."

दादा एकटा जाऊ लागला. पार्किंगच्या फाटकावर टक टक करायचा आणि निलगिरीत शिरायचा. पेंटर एखादा पत्रा मांडीवर घेऊन अक्षरं आखत बसायचा. दादा दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ड्युटी संपवून आलेल्या माणसाचा थकवा असायचा. चांगला थकवा. "आज फुल होती गाडी," तो सांगायचा. किंवा, "आज रिकामीच गेली. पाऊस ना."

आणि त्या तेवढ्या वेळात वहिनी झोपायची. हे तिने कधी कबूल केलं नाही. पण ते परतायचे तेव्हा तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ असायचा. पेंटरने तो पाहिला होता. म्हणूनही तो दादाला नेत राहिला.

पाऊस हटेना त्या वर्षी ओढ्याने काठ खाल्ला. साकवाच्या पुढे, वाट खडकाकडे चढते तिथे.

रेंजरबाईंनी पेंटरला बोलावून घेतलं. "वाट वरून दिसते," त्या म्हणाल्या, "पण तिच्याखाली काही नाही. पोकळ झालंय. एक झाड तर गेलंच रात्रीतून. हा भाग बंद. साकवापासून उजवीकडे नवी वाट काढली आहे, आखूड. जुने बाण झाका, नवीन काढा."

त्या दिवसभर त्याच्याबरोबर फिरल्या. प्रत्येक जुन्या बाणावर बोट ठेवत गेल्या. पेंटर त्यावर तपकिरी रंग चढवत गेला. जुन्या वाटेच्या तोंडाला त्यांनी आडवी दोरी बांधली, दोन खांबांना. मध्ये एक लाल चिंधी.

ठिपके त्याला दिसत होते. दोरीच्या पलीकडच्या झाडावर एक. त्याच्या पुढच्यावर एक. बाई शेजारीच उभ्या होत्या, दोरीच्या गाठी तपासत. त्यांच्यासमोर ब्रश तिकडे नेला असता तर विचारलं असतं, हे काय? तो गप्प राहिला. नंतर येऊन बघू, म्हणाला मनात.

नंतर तो आलाही. संध्याकाळ व्हायच्या आधी, निळ्या रंगाची डबी घेऊन, चोरासारखा. साकवापासून उजवीकडची नवी वाट त्याने पार्किंगपर्यंत ठिपक्यांनी भरून काढली. शेवटचा ठिपका काढला तेव्हा त्याला हायसं वाटलं. झालं काम.

पेंटरच्या धंद्यात पुसणं नसतं. जुन्या अक्षरावर नवं अक्षर चढतं. किराणा दुकानाचं कापड दुकान झालं तर कापड लिहायचं, किराणा आपोआप खाली जातो. नवं काढलं की जुनं गेलं. असं तो उभा जन्म करत आला होता. इथे नवं जुन्याच्या वर नव्हतं. शेजारी होतं. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसांत दादाला खोकला झाला होता. तो घरीच होता. जेवताना वहिनीने विचारलं, "वाट बदलली म्हणताय, मग ठिपक्यांचं काय?"

"केलं," पेंटर म्हणाला. "नवे काढले."

"नीट बघितलंत ना?"

"वहिनी, डोळे मिटून रंगवत नाही मी."

तिने आणखी वाढलं. तो जेवला.

खोकला बरा झाला तशी दादाने दारावर टक टक सुरू केली. पेंटर त्याला घेऊन गेला. त्याच्या मनात होतं, आज पहिली खेप, आपण बरोबर जाऊ. पण एका शटरवाल्याचा पत्रा दुपारी द्यायचा होता, आणि दादा फाटकापाशी उभा होता, पाय वाजवत.

"थांब दादा, मी येतो."

"ड्रायव्हरने जागा सोडायची नसते," दादा म्हणाला. टक टक. गेला.

पेंटरला हसू आलं. तो बसला. पत्र्यावर अक्षरं भरू लागला.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. एक ओळ भरून झाली. दुसरी झाली. दादा यायचा होता. रोज यायचा तसा येईल. मग ब्रश पुसताना त्याला वाटलं, नवी वाट आखूड आहे. म्हणजे तो लवकर यायला हवा.

त्याने पत्रा बाजूला ठेवला. चष्मेवाल्याला विचारलं.

"आत गेले ते पाहिलं," चष्मेवाला म्हणाला. "बाहेर नाही पाहिले. बसले असतील कुठे. म्हातारं माणूस, पायात गोळे येतात."

पेंटर नव्या वाटेने उलटा शिरला. दोन्ही बाजूंना बघत. हाक मारत. दादा नव्हता. साकवाच्या तोंडाशी तो आला तेव्हा त्याला दोरी दिसली.

दोरी सुटलेली नव्हती. पण सैल झाली होती. एका खांबावरची गाठ खाली घसरली होती आणि लाल चिंधी जमिनीला टेकायच्या बेतात होती. जणू कुणी ती मधोमध धरून खाली ओढली होती. दोनदा.

मग त्याने समोर पाहिलं. दोरीपलीकडच्या झाडावर निळा ठिपका होता. जुना. पावसाने धुऊन अजूनच उठून दिसणारा. उजवीकडच्या झाडावरही ठिपका होता. नवा. दोन्ही त्याचेच. दोन्हींत डावं-उजवं करता येऊ नये इतके सारखे.

तो दोरीखालून वाकून गेला. पळावंसं वाटत होतं, पण पायाखालची जमीन ओल्या पोळीसारखी लागत होती. जागोजाग भेगा होत्या. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दचकला तर? दचकून पाऊल पुढे पडलं तर?

वळणापलीकडे दादा उभा होता.

पाठमोरा. हात शेवटच्या झाडावर. त्याच्या चपलेपुढे वाट आणखी थोडी होती आणि मग नव्हती. तिथे आभाळ होतं आणि खालून पाण्याचा आवाज येत होता.

"दादा," पेंटर हळू म्हणाला.

"कोण?"

"मी. धाकटा."

"मागून चढा," दादा म्हणाला. वळला नाही. "गाडी उभी आहे."

"केव्हापासून उभी आहे?"

"मला काय विचारता? पुढचा सिग्नल नाही. सिग्नल नसताना मी बेल कशी देऊ?"

पुढचा ठिपका ज्या झाडावर होता ते झाड गेलं होतं. म्हणून दादा थांबला होता. कडा दिसला म्हणून नाही. कड्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याची नजर झाडाच्या उंचीवर होती, ठिपका शोधत. ते झाड उभं असतं, पलीकडच्या काठावर का होईना, तर दादा निघाला असता.

हात पुढे केला तर दादाचं मनगट हाताला लागलं असतं. पण हिसडा त्याला माहीत होता. वहिनीचं सुजलेलं मनगट त्याने बाजारात पडल्याचं म्हणून पाहिलं होतं, आणि ते बाजारातलं नाही हेही त्याला तेव्हाच कळलं होतं. परतीच्या बाजूने एकही ठिपका नव्हता. त्यानेच काढला नव्हता. वाट फिरून पार्किंगला येते, मागे कशाला फिरायचं?

"चल दादा, घरी जाऊ."

"ड्युटी सोडून?"

"वहिनी वाट बघतेय."

"त्यांना सांगा, मागची गाडी रिकामी येतेय. तिच्यातून या." त्याचा एक पाय उचलला गेला. अवघडला असावा. पुन्हा टेकला. टेकला तिथून माती सुटली आणि खाली गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज बराच उशिरा आला.

लहानपणी, दादाला नोकरी लागली तेव्हा, पेंटर सुट्टीत त्याच्या बसमधून फुकट हिंडायचा. सगळ्यात शेवटच्या सीटवर बसायचा. अरुंद रस्त्यात समोरून ट्रक आला की दादा खाली उतरायचा. बसच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि पत्र्यावर थाप मारत ओरडायचा. मागच्या काचेतून पेंटरला त्याचा हात दिसायचा. एवढी मोठी गाडी त्या हाताचं ऐकायची.

"कंडक्टर," पेंटर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "पुढे रस्ता बंद आहे. गाडी मागे घ्यायचीय. जरा बघता का?"

दादाचा हात झाडावरून खाली आला. त्याने मान वळवली. पेंटरकडे पाहिलं. भाऊ म्हणून नाही. ड्रायव्हर म्हणून.

"आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "उगाच पॅसेंजर ताटकळले."

तो वळला. सावकाश, झाडाला धरून. पेंटर डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभा राहिला. दादा त्याच्या छातीला घासून पलीकडे गेला. कड्यापासून लांब. पेंटरला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली. मारली नाही.

"तोंड तिकडेच ठेवा," दादा मागून म्हणाला. "आरशात बघू नका. माझ्याकडे लक्ष द्या. हं. येऊ द्या."

पेंटर कड्याकडे तोंड करून मागे मागे चालू लागला.

"येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडे काटा. डावीकडे म्हटलं, साहेब, लायसन्स कुठून आणलंत? येऊ द्या."

दादा एकेका झाडावर तळहाताने थाप मारत मागे सरकत होता. पेंटर त्या थापेच्या मागून जात होता, न बघता. दादाने चूक केली असती तर तो सरळ ओढ्यात गेला असता. त्याला फक्त समोरचं दिसत होतं, लांब लांब जाणारं. मघाशी दादाच्या अंगाने झाकलेली तुटकी कड आता पुरी दिसली. तिच्याखाली उन्मळून पडलेलं ते झाड. मुळं वर, शेंडा पाण्यात. खोडावर, आता आभाळाकडे तोंड करून, निळा ठिपका.

"येऊ द्या, येऊ द्या... बास!"

पाठीला दोरी लागली. दादाने ती धरली आणि एकदा ओढली.

"आता उतरा," तो म्हणाला.

पार्किंगमध्ये चष्मेवाल्याने रेंजरबाईंना बोलावून ठेवलं होतं. दोन पहारेकरी होते. दादाच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तो खुशीत होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, दोरी ओलांडून तिकडे कशाला गेलात?"

"सिग्नल होता ना तिकडे."

"कसला सिग्नल?"

"निळा. झाडावर." दादाने अभिमानाने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या धाकट्याने काढलेत. बघा तुम्ही. हात सोन्याचा आहे पोराचा."

बाई स्वतः साकवापर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती लाल चिंधी होती.

"उद्या शाळेची सहल येणार होती," त्या म्हणाल्या. चिंधी बोटाला गुंडाळली आणि म्हणाल्या, "सगळे काढा. रंग चढवू नका. खरवडून काढा. पाट्यांच्या कामाचं मग बघू."

ते 'मग' कधी आलं नाही.

घरी पेंटरने वहिनीला सगळं सांगितलं. दोरी, कड, झाड. ती दादाचे पाय धूत होती. बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढत होती. तो थांबला तेव्हा तिने विचारलं, "मी विचारलं होतं ना?"

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

तिने बादली उचलली आणि आत गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची दादामार्फत. "अहो, तुमच्या भावाला सांगा, जेवण निवतंय." दादा विचारायचा, "कुठल्या भावाला?" पेंटर येऊन गुपचूप जेवायचा. तिच्या गालावर आता वळ नसायचा. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं.

ठिपके खरवडायला तो एकटा गेला. पत्र्याची पट्टी आणि तारेचा ब्रश घेऊन. रंग निघाला. पण खरवडलेली साल फिकट पडली. प्रत्येक झाडावर एक गोल, पांढुरका डाग उरला. लांबून बघितलं तर ठिपक्यासारखाच. पेंटर उकिडवा बसला. ओली माती घेऊन एकेका डागावर लिंपत गेला. मग पुन्हा मागे जाऊन पाहिलं. पुन्हा लिंपलं. अगदी कडेपर्यंत त्याला पहारेकऱ्याने जाऊ दिलं नाही. खाली पडलेल्या झाडावरचा ठिपका तसाच राहिला.

दादा घरात राहिला आणि झपाट्याने खचला. दारावरची टक टक कमी झाली. मग त्याला न्हाणीघर सापडेना. एके सकाळी तो पेंटरच्या खोलीत, रंगाच्या डब्यांच्या कोपऱ्यात उभ्या उभ्याच मोकळा झाला. पेंटर फडकं घ्यायला उठला तर वहिनी आधीच खाली बसली होती. पुसता पुसता ती थांबली. मान वर न करता म्हणाली,

"भावजी, निळा रंग आहे का शिल्लक?"

कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. त्याला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"नको, वहिनी."

"का?"

"मी काढीन तिथे तो जाईल."

"जाऊ दे की. न्हाणीघरातच जाणार आहेत ना?" ती हसली नाही. "काढा."

त्याने डबी उघडली. साय फोडली. दादाच्या पलंगाच्या पायाला एक. दाराच्या चौकटीला एक. बोळात एक. न्हाणीघराच्या दाराला एक. मग परतीचे, उलट्या बाजूने. ठिपके गोल आले. वहिनी म्हणाली, "थांबा. आधी मी जाऊन येते." ती पलंगापासून निघाली, दादाच्या उंचीला मान करून, एकेक ठिपका शोधत. न्हाणीघरापर्यंत गेली. परत आली. मग तिने घराच्या बाकीच्या भिंती पाहिल्या, दारामागे, कपाटाच्या बाजूला, पेंटरच्या पत्र्यांवर. कुठे चुकून निळं लागलेलं नाही ना.

"आता त्यांना उठवा," ती म्हणाली.

दादा उठला. टक टक. चौकटीशी टक टक. बोळात. न्हाणीघरात. वहिनी बाहेर उभी होती. तो बाहेर आला, परतीच्या ठिपक्यांनी निघाला. पलंगापाशी पोचला. पण बसला नाही. पुढच्या खोलीत आला. बाहेरच्या दारासमोर उभा राहिला. दारावर काही नव्हतं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, कडीपाशी पाहिलं. मग पेंटरच्या हातातल्या ओल्या ब्रशकडे पाहिलं.

"पुढचा?" त्याने विचारलं.

पेंटर हलला नाही. ब्रशच्या टोकाशी जमलेला थेंब उंबऱ्याजवळ पडला. दादा खाली वाकू लागला. वहिनी त्याच्या आधी वाकली. तिने फडकं घेऊन तो पुसला. ओला होता, लगेच निघाला.